साठ हजारांची देणगी आणि फिनाईलचं बिल

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या एका कुटुंबातला कुत्रा चौदा वर्षांचा होऊन गेला. त्याच्या आठवणीत साठ हजार रुपये एखाद्या शेल्टरला किंवा रेस्क्यू ग्रुपला द्यायचे आहेत. अमेरिकेतला भाऊही तेवढीच भर घालायला तयार आहे. संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं, पैसे द्यायचे की औषधं आणि धान्य, करात सवलत मिळते का, आणि कुत्र्याच्या नावाची पाटी लावून घ्यावी का, असं विचारलं आहे. एका प्राणी-संस्थेचे हिशेब आणि रोजचा कारभार मी बरीच वर्षं सांभाळला आहे. देणगीदारांशी बोलणं हा त्यातला मोठा भाग असतो. तेव्हा थोडी लांबण लागली तरी सगळं सांगतो.

आधी उत्तर, मग कारणं. साठ हजार एकरकमी देऊ नका. दरमहा पाच हजार असे वर्षभर द्या. एकाच संस्थेला द्या, आणि तीही तुम्हाला स्वतः जाऊन बघता येईल इतक्या जवळची असू द्या. आणि ते पैसे कशावर खर्च करायचे हे त्यांच्यावर सोडा. ही शेवटची अट बहुतेकांना जड जाते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दीडशे कुत्री कायम मुक्कामाला असलेलं, शिवाय रोज दहा-पंधरा जखमी जनावरं बाहेरून येणारं एक मध्यम शेल्टर डोळ्यांसमोर आणा. आकडे नमुन्याचे आहेत, पण पुण्या-मुंबईच्या आसपास ते फार हलणार नाहीत. भात आणि कोंबडीच्या मुंड्या-पाय असं साधं जेवण धरलं तरी एका कुत्र्याला दिवसाला पंचेचाळीस रुपये लागतात, म्हणजे महिन्याला दोन लाख. दोन डॉक्टर, आठ-नऊ मदतनीस आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर यांचे पगार तीन लाख. औषधं, सलाईन, लसी, एक्स-रे यांचा एक लाख. वीज, पाण्याचे टँकर, डिझेल, जागेचं भाडं, फिनाईल आणि ब्लीचिंग मिळून आणखी एक लाख. एकूण सात लाख. ओपीडीचा खर्च यातच धरून दीडशेने भागलं तर एका कुत्र्यामागे महिन्याला साधारण चार हजार सातशे पडतात. तुमचे पाच हजार म्हणजे एका कुत्र्याचा एक महिना.

आता देणग्या कशा येतात ते बघा. गाडीखाली सापडून पाठीचा कणा मोडलेलं पिल्लू येतं, त्याचा फोटो टाकला जातो, आणि शस्त्रक्रियेचे पन्नास हजार दोन दिवसांत जमतात. पिल्लू वाचतं, पण मागचे पाय गेलेले असतात. त्याला कुणी दत्तक घेत नाही. पुढची आठ वर्षं ते शेल्टरमध्येच राहणार, रोज दोनदा त्याची लघवी दाबून काढावी लागणार, चट्टे पडू नयेत म्हणून कूस बदलावी लागणार. वरच्याच दराने हा खर्च साडेचार लाखांच्या घरात जातो. त्यासाठी फोटो टाकला तर पाचशे रुपयेही येत नाहीत, कारण आता ते पिल्लू नसतं आणि त्याच्या गोष्टीत नवीन काही घडत नसतं.

शिवाय 'फक्त या पिल्लासाठी' म्हणून आलेले पैसे पिल्लावरच खर्चावे लागतात. त्याला पन्नास हजार हवे होते आणि ऐंशी आले, तर वरचे तीस हजार हिशेबात अडकून बसतात. बाहेर पाण्याचा टँकरवाला बिलासाठी उभा असतो, बँकेत पैसे असतात आणि देता येत नाहीत. प्रामाणिक संस्थांचीच अशी पंचाईत होते. अप्रामाणिक संस्था खुशाल इकडचे तिकडे करतात.

पगाराबद्दल देणगीदारांच्या मनात एक अढी असते. 'आमचे पैसे प्राण्यांवर जावेत, पगारावर नको' हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचा रागही येत नाही. जखमेतल्या अळ्या काढायला माणूस लागतो. घाबरलेलं, चावायला येणारं जनावर जाळीत धरायला दोन माणसं लागतात, आणि ती शिकलेली लागतात. आठ हजारांवर ठेवलेला पोरगा तीन महिन्यांत डिलिव्हरीच्या कामाला निघून जातो. मग नवा येतो, त्याला कुत्रा चावतो, आणि तोही जातो. ज्या संस्थेचा निम्मा खर्च पगारावर होतो तिथे उपचार बहुधा चांगले असतात. 'आमचे ९५ टक्के पैसे थेट प्राण्यांवर' अशी जाहिरात दिसली की मी आधी विचारतो, मग काम कोण करतं? सगळेच स्वयंसेवक असतील तर सोमवारी सकाळी तिथे कोण असतं?

पगाराच्याच ओघात एक विचारून घ्या, जे कुणीच विचारत नाही. इथल्या कर्मचाऱ्यांना रेबीजची लस आधीच, म्हणजे चावण्यापूर्वी, दिलेली आहे का? ती डोसांच्या ठरलेल्या क्रमाने द्यायची असते. रोज अनोळखी कुत्री हाताळणाऱ्या माणसाला ती न देता कामाला लावणं ही क्रूरताच आहे, फक्त ती कुठल्या पोस्टमध्ये दिसत नाही. उत्तर 'नाही' आलं आणि संस्था बाकी चांगली वाटली, तर तुमच्या पहिल्या हप्त्यातून हेच करायला सांगा. पैशांना अट घालू नका असं मी म्हणतो, त्याला एवढा एकच अपवाद.

नियमित पैशाचं महत्त्व आपल्याकडे जुन्या लोकांना जास्त कळत होतं. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी आणि हिंदू रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेठियांनी मुंबईचा पांजरापोळ काढला. तो चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी मालावर ठरावीक लागा बसवला. माल गेला की त्यातला थोडा भाग पांजरापोळाला. कुणाला पाझर फुटण्याची वाट बघायची नाही. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटीट हॉस्पिटल, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तेही अशाच दानशूर घराण्याच्या पैशावर एकोणिसाव्या शतकात उभं राहिलं आणि आजही चालू आहे. ट्रामचे घोडे गेले, गाड्यांचे बैल गेले, आता तिथे मुख्यतः कुत्री-मांजरं येतात.

कुठल्या प्रकारच्या कामाला द्यायचं हा पुढचा प्रश्न. इथे माझं मत सरळ आहे: कुत्र्यांसाठी द्यायचं असेल तर नसबंदी आणि लसीकरण करणाऱ्यांना आधी द्या, कायम ठेवणाऱ्यांना नंतर. पकडणं, शस्त्रक्रिया, नंतरचे चार-पाच दिवस ठेवणं, रेबीजची लस आणि त्याच जागी नेऊन सोडणं, हे सगळं मिळून कुत्र्यामागे अठराशेच्या आसपास धरा. साठ हजारांत तेहतीस कुत्री होतात. त्याच साठ हजारांत शेल्टरमधला एक कुत्रा तेरा महिनेही निघत नाही. एक मादी वर्षाला दोनदा विऊ शकते, आणि रस्त्यावरची बहुतेक पिल्लं सहा महिन्यांची व्हायच्या आत पार्व्हो किंवा डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारांनी किंवा चाकाखाली जातात. जी मरण्यासाठीच जन्माला येतात ती जन्मू न देणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दयेचं काम आहे. त्याचा फोटो मात्र काढता येत नाही.

यात वेळेला फार महत्त्व आहे. आपल्याकडे कुत्र्यांचा माज पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. भाद्रपदाची ख्याती उगाच झालेली नाही. त्रेसष्ट दिवसांनी पिल्लं होतात, आणि कार्तिकापासून थंडीभर शेल्टरचे फोन खणखणत राहतात. म्हणजे नसबंदीचा पैसा फेब्रुवारी ते जुलै या काळात हातात हवा. प्रत्यक्षात देणग्या येतात दिवाळीला, आणि मार्चअखेरीला कर वाचवायला. मार्चचे पैसे उन्हाळ्यात कामी येतात तरी. दिवाळीचे पैसे पिल्लांच्या सलाईनमध्ये जातात. दरमहा द्या म्हणतो त्यामागे हेही आहे.

नसबंदी करणाऱ्या संस्थेकडे एक कागद हवाच. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्प-मान्यता असल्याशिवाय कुणालाही हा कार्यक्रम चालवता येत नाही. काम महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या सोबतीने होतं. शस्त्रक्रिया खरंच झाल्या की नाही हे तपासायला काढलेले अवयव मोजले जातात. ऐकायला विचित्र वाटतं, पण बोगस आकड्यांवर तोच उपाय आहे. झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच मारतात. तुमच्या भागात संस्थेने गेल्या वर्षी अमुक इतकी कुत्री केली असं सांगितलं, तर संध्याकाळी एक चक्कर मारा आणि खाच असलेले कान मोजा. दहापैकी सात दिसले तर काम चोख आहे. रेबीजच्या लसीकरणाचा उंबरठाही सत्तर टक्क्यांचाच आहे. त्याच्या खाली राहिलात तर विषाणू फिरतच राहतो. गोव्यात सरकार, मिशन रेबीज ही संस्था आणि स्थानिक संस्थांनी मिळून हातजाळी घेऊन वाडी-वाडीत लसीकरण केलं, वर्षानुवर्षं केलं, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. तिथे शेल्टरं बांधत बसले असते तर हे झालं नसतं.

आता विचाराल, न्यायालयाच्या आदेशांचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. मग २२ ऑगस्टला तो आदेश बदलून, रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून जागेवर सोडायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री तिथे परत सोडू नयेत असा आदेश आला. तेव्हापासून 'मोठं शेल्टर बांधतोय, मदत करा' अशी आवाहनं वाढली आहेत. त्यातली काही खरी आहेत. पण बांधकामाला देणगी देण्याआधी एकच विचारा: बांधून झाल्यावर महिन्याचा खर्च कुठून येणार आहे? उत्तर महापालिकेच्या लेखी कराराचं असेल तर ठीक. 'लोक देतील' असं असेल तर हात आखडता घ्या. पैसे संपलेलं शेल्टर रस्त्यापेक्षा वाईट असतं. रस्त्यावरच्या कुत्र्याला निदान पळता येतं.

कुत्र्यांपलीकडेही बघा. सांगली, सोलापूर, सातारा भागात ॲनिमल राहत ही संस्था २००३ पासून ऊस ओढणाऱ्या बैलांवर काम करते. गाळप हंगामात कारखान्याच्या वाटेवर ओव्हरलोड गाडीला जुंपलेले बैल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट २००७ पासून आहे आणि वनविभागासोबत वन्यप्राण्यांचं उपचार केंद्रही चालवतो. जुन्नरजवळ माणिकडोहला, परत जंगलात सोडता न येणारे बिबटे सांभाळले जातात. ही नावं शिफारस म्हणून घेतलेली नाहीत. काम किती तऱ्हांचं असतं ते कळावं म्हणून घेतली. वन्यप्राण्यांच्या बाबतीत एवढंच लक्षात ठेवा की १९७२ च्या कायद्याखाली वनविभागाच्या परवानगीशिवाय ते कुणालाही ठेवता येत नाहीत. घरात घार, पोपट किंवा माकड ठेवून त्याच्या नावाने पैसे मागणारा कितीही प्रेमळ असला तरी त्याला देऊ नका.

गोशाळांचं गणित वेगळंच. गाय दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवा चारा आणि वर कडबा खाते, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांसह सगळ्या गोवंशाची हत्या बंद असल्याने भाकड जनावरांचा लोंढा गोशाळांकडे येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने गोशाळांना देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये द्यायचं ठरवलं. आजच्या चाऱ्याच्या भावात पन्नास रुपयांत गाय जगत नाही, त्यामुळे देणगीची गरज आहेच. पण गोशाळेत जाल तेव्हा दर्शनी भागातल्या दोन-चार धष्टपुष्ट गीर गायींपुढे नमस्कार करून परतू नका. मागच्या गोठ्यात जा, म्हातारे बैल आणि गोऱ्हे कुठे आहेत ते बघा. असलेच तर.

संस्था पारखायची कशी, यात कागद आणि डोळे दोन्ही लागतात. कागदांत विश्वस्त संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या दोन-तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल मागा. त्यातलं शेड्यूल आठ म्हणजे ताळेबंद आणि नऊ म्हणजे जमाखर्च. पाच मिनिटांत कळतं की पैसा कुठे जातो. औषधांवर वर्षाला चाळीस हजार आणि 'कार्यक्रम व प्रसिद्धी'वर सहा लाख असतील तर चहा पिऊन निघा. अहवाल मागितल्यावर राग येणारी संस्थाही सोडून द्या, मग तिची ताई किंवा दादा सोशल मीडियावर कितीही मोठे असोत.

डोळ्यांचं काम जास्त महत्त्वाचं. रविवारच्या दत्तक-मेळाव्याला जाऊ नका. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला, आधी फोन करून जा. स्वच्छता चालू असते तेव्हाच जागेचा खरा वास कळतो. अमोनियाने डोळे चुरचुरले तर तिथे फुप्फुसांचे आजार आहेत. पाण्याची भांडी भरलेली आहेत का, उन्हात सावली आहे का, खाणं टाकल्यावर मारामारी होते का, आजारी पिल्लांची खोली खरंच वेगळी आहे का ते बघा. आणि पिल्लांना हात लावू दिला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. पार्व्हो तुमच्या चपलेवरूनही येतो आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. बिनधास्त पिल्लं मांडीवर देणाऱ्या जागेचीच मला काळजी वाटते.

मग दोन प्रश्न विचारा. मागच्या वर्षी किती जनावरं मेली? आणि, तुम्ही कुणाला नाही म्हणता? पहिल्याचं उत्तर रजिस्टर काढून देणारी संस्था चांगली. जखमी आणि आजारी जनावरंच जिथे येतात तिथे मृत्यू होणारच, आणि काहींना शांतपणे झोपवावंही लागतं. 'आमच्याकडे कुणी मरत नाही' म्हणणारा एक तर खोटं बोलतो किंवा मोजत नाही. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. ज्यांची शंभराची जागा आहे आणि दोनशे ठेवली आहेत, जे कुणालाच नाही म्हणू शकत नाहीत, त्यांच्याकडे दयेचा रोग झालेला असतो. चांगली माणसं असतात ती, म्हणूनच बघवत नाही. दरवर्षी आकडा वाढतोय, दत्तक जात नाहीत, नसबंदी न झालेले नर-माद्या एकत्र आहेत, अशी जागा दिसली तर तिला पैसे देऊन तुम्ही गर्दी वाढवता. द्यायचंच असेल तर आहेत त्या जनावरांच्या नसबंदीचं बिल डॉक्टरला थेट द्या.

ऑनलाइन आवाहनांबद्दल फार लिहीत नाही, कारण युक्त्या त्याच त्या आहेत. 'तीन तासांत पैसे भरले नाहीत तर डॉक्टर उपचार थांबवतील', सोबत कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरचा क्यूआर कोड. ओळखायची पद्धत सोपी: कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारा आणि पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरतो म्हणा. खरा माणूस लगेच नंबर देतो, खोटा चिडतो. अजगराच्या विळख्यातून किंवा विहिरीतून पिल्लू सोडवतानाचे, सुरुवातीपासून छान कोनातून चित्रित केलेले व्हिडिओ दिसले की स्वतःला विचारा, कॅमेरा आधी तिथे कसा पोचला?

पण प्रत्येक नोंदणी नसलेला माणूस लबाड नसतो. प्रत्येक गल्लीत एखादी काकू असते जी वीस-पंचवीस कुत्र्यांना रोज रात्री भात घालते, स्वतःच्या पेन्शनमधून. तिच्याकडे ट्रस्ट नाही, पावती नाही. तिला रोख पैसे देण्यापेक्षा तिच्या कुत्र्यांची वर्षाची रेबीजची लस करून द्या, किराणा दुकानात तांदळाचं खातं उघडून द्या, नसबंदीसाठी गाडीची सोय करा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिच्या बाजूने दोन वाक्यं बोललात तर तीही मोठी देणगी आहे, आणि ती कुणी देत नाही.

वस्तू द्याव्यात का? विचारून द्या. जुन्या चादरी, टॉवेल, रद्दी, गोणपाट नेहमी लागतं. उशा आणि गाद्या नकोत. कुत्री फाडतात, कापूस गिळतात. लग्नातलं उरलेलं जेवण तर नकोच, मसाल्याने आणि तेलाने दुसऱ्या दिवशी अख्ख्या शेल्टरला जुलाब होतात. मोठी वस्तू द्यायची असेल तर लसींसाठी फ्रिज आणि इन्व्हर्टर. लस दोन ते आठ अंशांत राहावी लागते, आणि चार तास वीज गेली की संपूर्ण साठा संशयात येतो.

औषधांचं मात्र जपून. घरातली उरलेली औषधं पिशवी भरून आणून देणारे खूप असतात. त्यातली पॅरासिटामॉल मांजराला दिली तर मांजर मरतं. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं संपत आली. भुलीची बरीचशी औषधं तर परवान्याशिवाय कुणाला विकत घेताच येत नाहीत. शेल्टरकडून यादी घ्या, किंवा त्यांच्या औषधवाल्याचं बिल भरा.

नावाच्या पाटीबद्दल. साठ हजारांत बहुतेक संस्था पिंजऱ्यावर पाटी लावून देतील, आणि तुम्हाला समाधान मिळणार असेल तर त्यात गैर काही नाही. पण पाटीसाठी वेगळे पैसे देऊ नका आणि पाटीसाठी वेगळा पिंजराही बांधायला लावू नका. माझ्या बघण्यात जास्त चांगलं झालं ते असं: एका कुटुंबाने आपल्या कुत्रीच्या वाढदिवसाच्या महिन्यात दरवर्षी सोसायटीच्या आसपासच्या सगळ्या कुत्र्यांची लस करून घ्यायला सुरुवात केली. पोरंटोरं नावासकट ओळखतात त्या कुत्रीला, आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली.

कराचं पटकन सांगतो. संस्थेला ८०जी, म्हणजे प्राप्तिकर कायद्यातल्या देणगी-सवलतीच्या कलमाची मान्यता, असेल तर देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्के मर्यादेत आणि फक्त जुनी करप्रणाली घेतली असेल तर. नव्या प्रणालीत काहीच नाही. म्हणजे साठ हजारांवर तीस हजार वजावट, आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह ९,३६० रुपये वाचतात. दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही, वस्तूंवर सवलत नाही. संस्थेला तुमचा पॅन द्या. आर्थिक वर्ष संपल्यावर मेअखेरपर्यंत ती देणगीचं प्रमाणपत्र देते (जुन्या क्रमांकाने १०बीई), नुसती पावती आता पुरत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोक अजून ८०जीच म्हणतात, तेव्हा कागदावर वेगळा आकडा दिसला तर गोंधळू नका. कुणी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असेल तर त्यांना सांगा की कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणी-कल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायचा, पैसा इथे चालतो. बऱ्याच कंपन्यांना ते माहीतच नसतं.

राहिला तुमचा भाऊ. इथे चूक झाली तर संस्था गोत्यात येते, म्हणून नीट वाचा. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, मग ग्रीन कार्ड का असेना, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली त्याची देणगी परदेशी धरली जात नाही. कुठल्याही नोंदणीकृत संस्थेला तो देऊ शकतो. फक्त पासपोर्टची प्रत सोबत पाठवावी म्हणजे हिशेबनीस निश्चिंत. पण तो अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असूनही तो कायद्याने परदेशी स्रोत. मग ज्या संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची, म्हणजे एफसीआरए नोंदणी आहे तिलाच, आणि तिच्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खास खात्यातच पैसे जायला हवेत. छोट्या शेल्टरांकडे ही नोंदणी बहुधा नसते, आणि नोंदणी असलेल्या संस्थेला ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाहीत. 'मी तुझ्या खात्यात टाकतो, तू दे' हा मार्ग सुचेल, तो घेऊ नका. त्याला सांगा की पुढच्या वेळी भारतात येईल तेव्हा तुमच्याबरोबर शेल्टरला यावं. आणि तोवर तिथल्या त्याच्या गावातल्या शेल्टरला द्यावं, फिनाईलचं बिल तिथेही येतंच.